नवदांपत्याने समुद्र कोणता निवडावा?

लग्न ठरले की वऱ्हाडात चौकशांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी कार्यालय, मग आचारी, मग बँडवाला; सोनाराकडच्या खेपा तर मोजायच्याच नाहीत. आमच्या प्रदेशाचे नावच वऱ्हाड, तेव्हा लग्नाचा थाट आम्हाला कोणी शिकवायला नको. अलीकडे मात्र या यादीच्या शेवटी आणखी एक प्रश्न येऊन बसला आहे, तो म्हणजे मधुचंद्राला जायचे कुठे?

'मधुचंद्र' हा शब्द मुळी इंग्रजीवरून बेतलेला. आपली जुनी रीत म्हणजे नवरानवरीने जोडीने देवाला जाण्याची. अमरावतीची अंबादेवी, माहूरची रेणुका, शेगाव, आणि तेही करवली, मामा, आत्या असा सगळा लवाजमा बरोबर घेऊन. त्या गर्दीत दोघांना एकमेकांशी चार शब्द बोलायला मिळाले तर मिळाले. आता तरुण मंडळी दोघेच निघतात, आणि बहुधा समुद्राकडे निघतात. यात नवल ते काय? अमरावती-अकोल्याच्या माणसाने पाहिलेले मोठे पाणी म्हणजे पूर्णेचा किंवा वर्धेचा पूर, फार तर एखादे धरण. चिखलदऱ्याला तो शाळेच्या सहलीपासून तीन-चार वेळा जाऊन आलेला असतो. समुद्र तेवढा राहिलेला असतो.

पण समुद्र काय एक आहे? जाहिरातीत पाहाल तर मालदीव आहे, बाली आहे, थेट ऑस्ट्रेलियाही आहे. एखाद्याचा मावसभाऊ सिडनीला असतो आणि तो आग्रहाने बोलावतो. राहण्याचा खर्च वाचतो हे खरे, पण विमानाचे भाडे मावसभाऊ देत नाही. शिवाय तिकडचे ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे मे महिन्यात लग्न उरकून तिकडे जावे, तर सिडनीला थंडी पडू लागलेली असते. उत्तरेला क्वीन्सलँडचे पाणी उबदार असते, पण तिथे साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशचे भय असते. सांगायचे इतकेच की, समुद्र निवडताना गावाच्या नावाआधी महिना पाहावा लागतो. हा नियम ऑस्ट्रेलियाला लागू आहे तसाच अलिबागलाही आहे. ऑस्ट्रेलियाकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती फुकट आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आपल्याकडचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि ज्येष्ठापर्यंत चालतात. त्यातही वऱ्हाडात एप्रिल-मे म्हणजे लग्नांचा हंगाम, कारण शेतीची कामे संपलेली असतात आणि मुलांच्या शाळांना सुट्या असतात. अकोल्याचा पारा तेव्हा ४५ अंशांकडे झुकलेला असतो. कोकणात तो ३३-३४ च्या पुढे सहसा जात नाही. हे आकडे वाचून आपला माणूस म्हणतो, चला, थंडाव्याला जाऊ! इथेच पहिली गफलत होते. आपल्या घरातला कूलर चालतो कशाच्या जोरावर? हवा कोरडी असते, वाळ्याच्या ताट्यांतले पाणी झरझर वाळते, आणि पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेते, म्हणून. कोकणातली मे महिन्यातली हवा आधीच बाष्पाने भरलेली. तिथे पाणी वाळत नाही, घामही वाळत नाही. कूलर तिथे निव्वळ पंखा ठरतो. मग रात्रीच्या झोपेसाठी वातानुकूलित खोलीच घ्यावी लागते, आणि तीही मुंबई-पुण्याची सारी कुटुंबे सुटीसाठी तिकडे उतरलेली असताना. म्हणजे वर्षातली सगळ्यांत महाग खोली आपण वर्षातल्या सगळ्यांत चिकट महिन्यात घेतो!

त्यात मे अखेरीला समुद्र खवळू लागतो. किल्ल्यांवर नेणाऱ्या होड्या पावसाळ्यापुरत्या बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात येतो. तेव्हा मेच्या अखेरच्या मुहूर्तावर लग्न झालेल्या जोडप्याने समुद्राच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी चिखलदऱ्याला दोन दिवस जावे. सुमारे ११०० मीटर उंचीवरची हवा, गाविलगडचा किल्ला, आणि घरापासून काही तासांचा रस्ता. समुद्र जानेवारीसाठी ठेवावा. यावर कोणी म्हणेल, तोवर नवी नवरी जुनी होईल. होऊ द्या की! सहा महिन्यांत दोघांची ओळख होते, आणि ओळखीच्या माणसाबरोबरचा प्रवास अनोळखी माणसाबरोबरच्या प्रवासापेक्षा अधिक सुखाचा होतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोकणचे सोन्याचे दिवस. रात्री नुसत्या पंख्यावर भागते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्या तेवढ्या टाळाव्यात. शनिवार-रविवारीही तोच प्रकार. मुंबई-पुण्याचे लोक शुक्रवारी रात्री येतात आणि रविवारी दुपारी परततात. त्याच खोल्या सोमवारपासून रिकाम्या, आणि भाव बोलता येतो. वऱ्हाडचा माणूस आठ-दहा दिवसांची रजा टाकूनच निघतो, मग त्याने रविवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ असा मुक्काम का धरू नये?

आता पैशाचे बोलू. माझा एक जुना विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात घरी आला होता. दर्यापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, एका शाळेत शिक्षक म्हणून नुकताच लागलेला. लग्न जानेवारीत होते. मी समुद्राचा विषय काढताच तो म्हणाला, "खारं पानी तं आमच्या हिरीले बी हाये सर. त्याच्यासाठी इतक्या दूर कायले जाचं?" दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मग जरा थांबून म्हणाला, "पन तिले समुद्र पाहाचा हाये." आणि खिशातून एक छापील कागद काढला. एका प्रवास कंपनीने त्याला परदेशी बेटाची सहल हप्त्याने देऊ केली होती. हप्ते दोन वर्षांचे. घरी लग्नाचे कर्ज होतेच. ते आणखी वेगळे.

त्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही हिशेब मांडला. त्याच्याजवळ कर्ज न काढता २५,००० रुपये होते. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि स्टेशनपासून गावापर्यंतचा प्रवास मिळून ६,००० धरले. ३,००० हातचे राखून ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. उरले १६,०००. चार मुक्काम केले तर दिवसाला ४,०००, आणि खोली, न्याहारी, दोन जेवणे, रिक्षा, होडी सगळे त्यात. हे बसते, पण एका अटीवर. चार मुक्काम एकाच गावी हवेत. आज अलिबाग, उद्या गणपतीपुळे, परवा गोवा अशी उडी मारली की प्रत्येक उडीला अर्धा दिवस जातो आणि गाडीभाड्यात त्या दिवसाच्या पैशातला मोठा लचका जातो. चार ठिकाणांची छायाचित्रे मिळतात, समुद्र एकाही ठिकाणचा नीट पाहून होत नाही. आणि हो, हा हिशेब त्याने घरी न मांडता होणाऱ्या बायकोबरोबर मांडावा, असे मी त्याला सुचवले. तिला काय हवे आहे, हे त्याने माझ्यापेक्षा तिलाच विचारलेले बरे. तो लाजला, पण विचारले असावे. कारण चार दिवसांनी त्याचा फोन आला, "सर, तिले किल्ला पाहाचा हाये, समुद्रातला."

कोकणात जायचे तर आपल्या दृष्टीने सोय बरी आहे. मुंबई बडनेऱ्यापासून लोहमार्गाने सुमारे ६६० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे ५८०. रात्री बसावे, सकाळी कल्याणला उतरावे, तिथून पनवेल, आणि पुढे कोकण रेल्वे. रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा हा सगळा मार्ग १९९८ साली खुला झाला आणि त्याने वऱ्हाडाला समुद्र खऱ्या अर्थाने जवळ आणला. अलीकडच्या काही वर्षांत नागपूर-मडगाव अशी विशेष गाडीही बडनेरा, अकोला, शेगाव करत सोडली गेली आहे. आपल्या तारखांना ती आहे का, हे चौकशी करून घ्यावे. असली तर मधली उतरचढ वाचते, आणि नव्या नवरीच्या बॅगा किती असतात हे अनुभवी वाचकांना सांगायला नको.

गावांपैकी अलिबाग, नागाव, काशीद हा पट्टा मुंबईच्या अगदी हाताशी. म्हणून गर्दी मुंबईची आणि भावही मुंबईचे. दोनच दिवस असतील तर ठीक. खेड स्टेशनवर उतरून दापोलीकडे गेलात तर मुरुड, कर्दे, हर्णै हे किनारे लागतात. मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचे गाव, आणि हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा जो लिलाव चालतो तो आपल्या कापसाच्या बाजाराची आठवण करून देतो. चिपळूणहून गुहागर. लांबलचक शांत किनारा, मागे नारळी-पोफळीच्या बागा, आणि घरगुती शाकाहारी जेवण. मासे न खाणाऱ्या जोडप्याने गुहागरचा विचार अवश्य करावा.

रत्नागिरीहून सुमारे २५ किलोमीटरवर गणपतीपुळे. घरातल्या वडील मंडळींची संमती मिळवायला याहून सोपे ठिकाण नाही, कारण देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. देवदर्शनही झाले आणि मधुचंद्रही. अंगारकी चतुर्थी तेवढी टाळा. तिथला समुद्र मात्र दिसतो तितका साधा नाही.

माझे स्वतःचे माप सिंधुदुर्गाकडे झुकते, हे लपवत नाही. कुडाळला उतरले की मालवण, तारकर्ली, देवबाग एका बाजूला आणि वेंगुर्ले, शिरोडे दुसऱ्या बाजूला. इथे मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती निवासाची पद्धत रुळली आहे. सरकारी न्याहारी व निवास योजना आहे, त्या योजनेत नोंदलेली घरे शोधावीत. घरमालकीणच घावन किंवा आंबोळी करून वाढते आणि रात्री सोलकढी देते. आपल्या जिभेला ठेच्याची सवय, तिला मालवणी तिखट नवे वाटत नाही, फक्त खोबरे जास्त वाटते. मासे मागवताना मात्र भाव आधी विचारावा. सुरमई आणि पापलेटचे दर रोज बदलतात. बांगडा खिशाला मानवतो आणि चवीला कमी नाही.

मालवणसमोर सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. होडीने थोड्याच वेळात पोहोचता येते. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, आणि चहूकडे समुद्र असताना त्यांचे पाणी गोड आहे. खारपाणपट्ट्यातल्या माझ्या विद्यार्थ्याने परत आल्यावर सगळ्यांत जास्त सांगितले ते या विहिरींविषयी. समुद्राच्या पोटात गोडे पाणी आणि आमच्या कोरडवाहू गावात खारे, हा कुठला न्याय, असा त्याचा प्रश्न होता. शिरोड्याला गेलात तर लक्षात असू द्या, की वि. स. खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत तिथल्या शाळेत शिकवले, आणि १९३० साली मिठाचा सत्याग्रहही तिथे झाला. हे मी मराठीचा प्राध्यापक म्हणून सांगतो; नवदांपत्याने ते मनावर घेतलेच पाहिजे असे नाही. गोव्याविषयी फार सांगत नाही. जायचेच तर मडगावला उतरून कोलवा-बाणावलीकडे राहा, उत्तरेकडच्या गजबजाटापेक्षा तिथे दोघांना बोलता येईल.

आता ज्या पंचांगात मुहूर्त पाहिलात तेच पंचांग पुन्हा उघडा. समुद्राचे घड्याळ त्यातच आहे. कोकणातले लोक भरतीची वेळ काढतात ती तिथीच्या पाऊणपटीने. शुद्ध किंवा वद्य, कोणत्याही पक्षातली तिथी घ्या आणि तिला पाऊणाने गुणा. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता पूर्ण भरती. तीच वेळ दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरावी. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत पडते, म्हणून पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा चढउतार कमी. तो भांग. मुंबई-अलिबागेकडे उधाणाचा चढउतार चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, मालवणकडे तो साधारण निम्मा.

याचा उपयोग काय? पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी. किनारा रुंद, वाळू ओली आणि घट्ट. पश्चिमेला सूर्य समुद्रात बुडतो आणि त्याच सुमारास मागे माडांतून चंद्र वर येतो. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला एक पैसाही पडत नाही. अष्टमीला त्याच वेळी पूर्ण भरती असते आणि चालायला वाळूच उरत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटी हवी, आणि हरिहरेश्वरची खडकावरची प्रदक्षिणाही ओहोटीलाच करायची. परतायला उशीर केलात तर पाणी वाट अडवते.

आणि हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दर वर्षी समुद्रात बुडून जे जातात त्यांत आपल्यासारखी आतल्या प्रदेशातली, पोहणे न येणारी तरुण माणसे बरीच असतात. नदीचा धोका आपल्याला कळतो, कारण तिचा प्रवाह दिसतो. समुद्राचा प्रवाह दिसत नाही. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते परत कुठून तरी जायला हवे. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसते. नवखा माणूस नेमका तीच जागा पोहण्यासाठी निवडतो! ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दमछाक होते आणि माणूस तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे सरकावे. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडता येते. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. दुसऱ्याने मात्र मागोमाग उडी घेऊ नये, दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे. खाडीच्या मुखाशी, म्हणजे देवबागच्या संगमासारख्या ठिकाणी, ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरूच नये.

ऑस्ट्रेलियाकडून घेण्याजोगी गोष्ट म्हटले ती ही. तिथल्या किनाऱ्यांवर लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतात, आणि जीवरक्षकांची नजर त्या दोन झेंड्यांमधल्या पाण्यावर असते. पोहायचे ते तेवढ्याच पाण्यात. गोव्यातही २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत आणि तसेच झेंडे लागतात. कोकणात गर्दीच्या काही किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, सगळीकडे नसतात. जिथे झेंडा नाही तिथे एखाद्या कोळ्याला विचारा, "दादा, इथे उतरले तर चालेल का?" तो नाही म्हणाला तर पाण्यात गुडघ्यापुढे जाऊ नका. छायाचित्रासाठी खडकावर पाठ करून उभे राहणे हाही तितकाच मूर्खपणा.

राहता राहिले तिकिटाचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे तिकीट बहुधा लग्नाआधीच काढावे लागते. वधूचे नाव ओळखपत्रावर माहेरचे असते. तिकिटावरही माहेरचेच घाला, नवे नाव घालण्याचा उत्साह नको, नाहीतर गाडीत तपासनिसापुढे सासर-माहेर समजावत बसावे लागते. खोलीसाठी दोघांचीही ओळखपत्रे लागतात. खोलीचे अर्धेच पैसे आधी पाठवा, पोहोचण्याची वेळ सांगून ठेवा, आणि परतीच्या दिवशी वेंगुर्ल्याचे काजू नि आमसुले घेण्यापुरती पिशवीत जागा ठेवा. लग्नात आहेर केलेल्या आत्या-मावश्यांची संख्या मोजूनच घ्या, नाहीतर हातचे राखलेले ते ३,००० काजूंतच जातील.